कठड्यातले अकरा दगड

१

हॅनफर्डबाई जुन्या पुलावरून पडल्या तेव्हा मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होतो आणि माझं तोंड केकने भरलेलं होतं. केम्पफोर्ड गावचा पोलीस मी, डेसमंड क्विल. एकटाच पोलीस. ही गोष्ट मी आयुष्यात एकदाच, उभं राहून, सगळ्या गावासमोर सांगितली आहे. आज दुसऱ्यांदा सांगतोय, आणि मान अजून वर होत नाही.

एप्रिल १९८६ मधला शनिवार. आमच्या गावच्या इतिहासप्रेमी मंडळाची पुलावर सहल होती. सहल म्हणजे काय, गावापासून अर्धा मैल चालायचं, पूल बघायचा, चहा प्यायचा आणि परत यायचं. दीडशे वर्षांपूर्वी कैद्यांनी बांधलेला हा पूल, पिवळ्या वालुकाश्माच्या तीन कमानींचा. मधल्या कमानीला तडा गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, तो बंद आहे. दोन्ही टोकांना साखळ्या आहेत. गाड्या पलीकडच्या सिमेंटच्या पुलावरून जातात.

पुलाची माहिती सांगायला माझे सासरे आले होते. अल्फ लव्हेट. चाळीस वर्षं नगरपालिकेत गवंडी होते. पुलाचा एकेक दगड त्यांच्या हाताखालून गेलेला. दर वर्षी माहिती तेच सांगत आणि दर वर्षी उत्तरेच्या कठड्याला टेकून सांगत. त्या दिवशी मात्र ते दक्षिणेच्या कठड्याजवळ उभे राहिले.

"अरे, इकडे या सगळे! त्या बाजूला काय सोनं पुरलंय का? ऊन डोळ्यांवर येतंय तिथे!"

सकाळपासून आभाळ इतकं भरलेलं होतं की थर्मासमधला चहा कपात पडता पडता निवत होता. तरीही सगळे त्यांच्या बाजूला गेले. अल्फचं कोण ऐकणार नाही?

हॅनफर्डबाईंनी ऐकलं नाही. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं, मलासुद्धा. वय एक्याऐंशी. कमानीखालची पाकोळ्यांची घरटी बघायला त्या उत्तरेच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून वाकल्या.

कठडा गेला. मोठा आवाजही झाला नाही. पोतं सरकावं तसा सरकला, आणि बाई त्याच्याबरोबर गेल्या.

२

खाली पाणी गुडघाभर होतं. बाई शुद्धीवर होत्या, पण कंबरेचं हाड मोडलं होतं. लॉन्सेस्टनच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"पाठीला पोक काढून बसू नकोस, डेसमंड."

"बरं, बाई."

"कोणीतरी मला हाक मारत होतं रे. 'एल्सी, नको' असं काहीतरी. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. कोण होतं?"

"पडताना तसं वाटलं असेल."

"पडताना नाही. पडायच्या आधी."

मी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं नाही. म्हातारं माणूस, दुखण्यावरची औषधं. नवव्या दिवशी बाई गेल्या.

गावाला गुन्हेगार शोधावा लागला नाही. तो आधीच सापडला होता. सहलीच्या आठवडाभर आधी नव्या पुलावर लाकडांचा ट्रक उलटला होता आणि रस्ता बंद झाला होता. केव्ह स्कली, मेंढ्या वाहणारा ड्रायव्हर, जुन्या पुलाची साखळी तोडून भरलेला ट्रक पलीकडे घेऊन गेला होता. तीन जणांनी पाहिलं होतं. त्याने नाकारलंही नाही.

बाईंच्या दफनाच्या दिवशी तो पबमध्ये आला. कोपऱ्यात एकटा बसला. मी दोन ग्लास घेतले होते, पण दारूचं निमित्त मी सांगणार नाही. मी त्याच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. चाळीस माणसं होती.

"अकरा मैलांचा वळसा वाचवायला तू एका बाईचा जीव घेतलास, केव्ह."

"साखळी मी तोडली," तो म्हणाला. "दंड लाव, भरतो. पण ट्रक मधोमध नेला मी. कठड्याला शिवलोसुद्धा नाही."

"हादऱ्याला शिवावं लागत नाही. खुनी आहेस तू."

पबमध्ये कोणी 'बस कर' म्हणालं नाही. उलट माझ्या पाठीवर दोन हात पडले, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

केव्हवरच्या खटल्याचे कागद तयार करून मी लॉन्सेस्टनला पाठवले. तीन आठवड्यांनी केव्ह ठाण्यात आला. बसला नाही.

"वाहायला मेंढ्या द्यायचं सगळ्यांनी थांबवलं. ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण काल चर्चच्या चहाच्या यादीतून मॉरीनचं नाव काढलं. बावीस वर्षं माझी बायको दर रविवारी त्यांच्यासाठी केक भाजतेय. तिने कुठली साखळी तोडली?"

मी फायलीत बघत राहिलो.

"तू पुलाखाली गेलास का रे, डेस? एकदा तरी? मी काल गेलो. जे पडलंय त्याच्यात विटा आहेत."

"मग?"

"कैद्यांनी पूल दगडाचा बांधला होता, साहेब. विटा आल्या कुठून?"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा पुलावर गेलो. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

झाडीतून उतरून मी पाण्याच्या काठाशी गेलो. वर तडा गेलेली कमान, तिच्यावर कठड्यातली ती भगदाडासारखी जागा. केव्ह खोटं बोलत नव्हता. ढिगाऱ्यात लाल विटा होत्या. बाहेरून विटांना पिवळ्या दगडाच्या जेमतेम दोन बोटं जाड चिपा लावलेल्या. चिपांवर शेवाळही होतं, पण सगळीकडे एकाच हिरव्या रंगाचं. खऱ्या कठड्यावर शेवाळाचे दहा रंग असतात.

मी उभ्या असलेल्या कठड्याचा सांधा नखाने खरवडला. मऊ चुना, पीठ होऊन हातावर आला. ढिगाऱ्यातला सांधा खरवडला तर नख तुटलं. सिमेंट.

दक्षिणेचा कठडा त्याहून वाईट अवस्थेत होता, पार बाहेर झुकलेला. केव्हचा ट्रक दोन्हींच्या मधून गेला होता. हादऱ्याने पडायचं तर आधी तो पडायला हवा होता. त्याचा खडाही हलला नव्हता.

विटांच्या मधली पोकळी भरायला कोणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. एक मी उलगडला. घोड्यांच्या शर्यतींचे निकाल, मार्च १९८४.

शाबूत भागातल्या दगडांच्या मापावरून मी हिशेब केला. पडलेल्या जागी असे अकरा दगड असायला हवे होते. हात-हात लांबीचे, एकेक उचलायला दोन माणसं लागतील असा.

मग मी वर येऊन पुलाच्या मधोमध उभा राहिलो. तिथून शाळा दिसते, पबचा व्हरांडा दिसतो, माझ्या ठाण्याची खिडकीसुद्धा दिसते. अकरा दगड काढायचे, विटा रचायच्या, चिपा बसवायच्या, म्हणजे चार दिवसांचं काम. भर उजेडात, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. आणि कोणी हटकलं नाही.

त्या क्षणी मला उत्तर कळायला हवं होतं. पण माझं डोकं दुसरीकडेच धावलं. १९८४ मध्ये पुलाजवळची जुनी गिरणी कोणी विकत घेतली? जूडिथ रँकिनने. मेलबर्नहून आलेली, मातीची भांडी करणारी, एकटी राहणारी. आल्या आल्या तिने बागेभोवती दगडी भिंत घातली होती, आणि दगड ढकलगाडीतून नेताना मी स्वतः तिला पाहिलं होतं.

बाहेरची होती. चोर ती निघाली असती तर सगळ्यांनाच सोयीचं झालं असतं.

४

जूडिथचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. मला फाटकात बघून ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"आलास? मी वाटच बघत होते. केव्ह झाला, आता मेलबर्नवालीची पाळी."

"भिंतीचे दगड कुठून आणलेस?"

"शेतांमधून वेचले. ये, बघ." तिने भिंतीवर ओली थाप मारली. "तुमचा पूल पिवळा आहे. माझी भिंत काळी आहे. पोलिसाला रंग दिसतात ना?"

भिंत काळीच होती. मी दोन वर्षं तिच्याजवळून रोज जात होतो.

"शेवाळ कसं आलं इतकं?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं. "भिंत तर नवी आहे."

"शेण आणि ताक. पातळ कालवायचं आणि ब्रशने फासायचं. एका पावसाळ्यात नवा दगड म्हातारा दिसतो. तुझ्या सासऱ्यांनीच शिकवलं. म्हणाले, दुरुस्ती उठून दिसू नये म्हणून जुने गवंडी हेच करतात."

ढिगाऱ्यातल्या चिपांवरचं एकाच रंगाचं शेवाळ मला आठवलं. तो विचार मी दाबला.

"तुला पिवळे दगड नको होते?"

"हवे होते की! किती हिंडले त्यांच्यासाठी. तुझ्या घरची फायरप्लेस बघितली तेव्हापासून डोक्यात तेच. तुझी नोरीन म्हणाली, बाबांनी रिडली म्हाताऱ्याच्या मेंढ्या कातरायच्या पडक्या शेडमधून दगड आणलेत. म्हणून गेले रिडलीकडे."

"मग?"

"म्हातारा खो खो हसला. म्हणाला, पोरी, माझी शेड लाकडाची होती आणि घर विटांचं आहे. माझ्या जागेत दार अडवायलासुद्धा धड दगड नाही." तिने हात पुसले. "मला वाटलं, नोरीनने नाव चुकीचं सांगितलं असेल. डेस? बरं वाटत नाहीये का तुला?"

५

नोरीन, माझी बायको, स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी थेट बैठकीत गेलो आणि अल्फनी दोन वर्षांपूर्वी बांधून दिलेल्या फायरप्लेससमोर गुडघ्यांवर बसलो.

रंग पिवळा. दगड हात-हात लांबीचे. मी मोजले. दहा भरले. अकरावा वर आडवा होता, त्याच्यावर आमच्या लग्नाचा फोटो.

पुलाच्या कठड्याचे दगड लोखंडी आकड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. दगडाला भोक पाडून त्यात आकडा ठेवायचा आणि वितळलेलं शिसं ओतायचं. आडव्या दगडाच्या टोकाला सिमेंटचा एक गोल ठिपका होता. कितीतरी वेळा दिसला होता. मी खिशातल्या चाकूने तो उकरला. सिमेंट निघालं, आणि आत शिसं चमकलं.

"काय करतोयस?" नोरीन दारात उभी होती. हातात सुरी, बटाटा.

"हे दगड पुलाचे आहेत."

तिने सुरी आणि बटाटा शेजारच्या टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "हॅनफर्डबाई पडल्यापासून बाबा आपल्याकडे आले नाहीत. लक्षात आलं तुझ्या? मी म्हटलं, दुःख झालं असेल."

माझ्या मात्र भलतंच लक्षात आलं होतं. मार्च १९८४. पुलावर परांची बांधलेली, अल्फ कठड्याचे सांधे भरत होते. नगरपालिकेचंच काम. ज्या माणसाला अख्खं गाव रोज हात करतं त्याला कोण हटकणार? चारही दिवस त्यांचं जेवण घेऊन मीच जात होतो, मटण भरलेल्या पेस्ट्री. आणि तिसऱ्या दिवशी ते म्हणाले होते, "हात दे रे जरा. फुटके दगड आहेत, यार्डात टाकायचेत." पिकअपमध्ये ते दगड चढवताना एक टोक त्यांनी धरलं होतं आणि दुसरं मी. एकही दगड फुटका नव्हता. मी बघितलं होतं आणि विचारलं नव्हतं.

त्याच्या आधीच्या नाताळात, जेवणाच्या टेबलावर, मोठ्या बागायतदारांच्या घरात असते तशी दगडी फायरप्लेस आपल्याकडे हवी म्हणून कोण बोललं होतं? नोरीन नाही. मी बोललो होतो.

६

अल्फ त्यांच्या व्हरांड्यात छिन्नीला धार लावत होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी रोज धार लावायचे. मी शिशाचा तुकडा त्यांच्यासमोर बाकावर ठेवला.

त्यांनी तो उचलला नाही.

"उशीर केलास," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, आठवड्यात येशील."

"तुम्ही स्वतः का आला नाहीत?"

"रोज निघत होतो. तुझ्या ठाण्याच्या कोपऱ्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो."

"सिमेंट त्या जुन्या दगडाला धरत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"पोरांना मीच शिकवलंय ते." त्यांनी छिन्नी खाली ठेवली. "मला वाटलं, बंद पूल आहे. कोण जातंय तिथे? वर्षातून एकदा तुमची ती सहल, आणि तेव्हा मी असणारच. मी बघून घेईन. गेल्या वर्षी पावसाने सहल झाली नाही. या वर्षी उत्तरेच्या बाजूला नजर गेली आणि मला चीर दिसली. सकाळी, तुम्ही सगळे यायच्या आधी."

"तेव्हा सांगायचं होतं! कठडा कच्चा आहे, जवळ जाऊ नका. चार शब्द, अल्फ!"

"मग कोणीतरी विचारलं असतं, कच्चा का? चाळीस वर्षं तुम्ही काय केलंत?" ते छिन्नीकडे बघत म्हणाले. "लाज वाटली मला. म्हणून उन्हाचं काहीतरी बरळलो. एल्सी तिकडे गेली तेव्हा हाक मारली. मोठ्याने मारायला हवी होती. तीसुद्धा हळूच मारली, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून."

हॅनफर्डबाईंनी मला ते सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नव्हतं.

"आणि केव्ह?" मी विचारलं.

"केव्हचं नाव निघालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते एल्सीच्या मरणापेक्षा जास्त टोचतं." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू दगडाला हात लावलास हे मी सांगणार नाही. नोरीनला कोणीतरी लागेल."

खरं सांगायचं तर एक क्षणभर, फार तर दोन, मी गप्प राहिलो. त्या दोन क्षणांत मी ते मान्य करून टाकलं होतं. मग म्हणालो, "टोपी घाला. दोघांचंही लिहायचंय."

७

केव्हच्या घरी मी गणवेश न घालता गेलो. दार मॉरीनने उघडलं आणि ती आत गेली. केव्ह बाहेर पायरीवर आला. मी सगळं सांगितलं. विटा, दगड, अल्फ, पिकअप. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं, केव्ह. मला माफ कर."

त्याने अंगणातल्या रिकाम्या ट्रककडे बघितलं.

"माफी मागायला आलास, की हलकं व्हायला?"

"माझं चुकलं," मी पुन्हा म्हणालो.

"खुनी म्हणालास ते चाळीस माणसांत. आणि चुकलं म्हणतोस ते माझ्या पायरीवर, मी एकटा असताना. जा तू."

पुढच्या रविवारी चर्चनंतर सभागृहात चहा होता. मी उभा राहिलो आणि चमचे वाजायचे थांबेपर्यंत वाट बघितली. जे वर सांगितलं तेच सांगितलं, माझा हात दगडाच्या दुसऱ्या टोकाला होता हेही. नोरीन पहिल्या रांगेत ताठ बसून होती. ज्यांनी पबमध्ये माझ्या पाठीवर हात ठेवले होते ते कपात बघत होते. केव्ह आणि मॉरीन आलेच नव्हते. त्यांना ते ऐकायची गरज नव्हती. गावाला होती. चहाच्या यादीत मॉरीनचं नाव त्याच दिवशी परत लिहिलं गेलं, पण तिने पुन्हा केक भाजला नाही.

अल्फना आठ महिन्यांची शिक्षा झाली. माझ्या वरिष्ठांपुढे मी राजीनामा ठेवला. त्यांनी तो वाचला आणि परत सरकवला.

"पळून जायची परवानगी मागतोयस," ते म्हणाले. "मिळणार नाही. बढती विसर, आणि त्याच गावात राहा."

फायरप्लेस मी स्वतः फोडली. अकराही दगड नगरपालिकेच्या यार्डात गेले आणि अजून तिथेच आहेत, कारण तो कठडा नीट बांधू शकणारा माणूस आमच्या गावात एकच होता आणि त्याने पुन्हा छिन्नी हातात धरली नाही. आमच्या बैठकीच्या भिंतीला तिथे पत्रा मारला आहे. नोरीन त्याच्याकडे पाठ करून बसते. मीही.

दीड वर्ष केव्ह रस्त्यात माझ्याशी बोलला नाही. मग एका मंगळवारी दुपारी तो ठाण्याचं दार ढकलून आत आला.

"तू आहेस म्हणून आलो नाही," तो म्हणाला. "इथे दुसरा पोलीस नाही म्हणून आलोय. माझी कुत्री हरवलीये. मेंढ्यांच्या कामाची आहे."

मी फॉर्म काढला. रंग, वय, शेवटची कुठे दिसली. एक कान फाटका. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. लिहून झाल्यावर कागद त्याच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. त्याने पेन बाजूला ठेवलं, खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. एकेका शब्दाखाली बोट धरून. मी उभा होतो.

बोट एका जागी थांबलं.

"कान डावा लिहिलायस. उजवा म्हणालो मी."

"चुकलं," मी म्हणालो. खोडलं, उजवा लिहिलं, आणि कागद फिरवून पुन्हा त्याच्यापुढे धरला.

त्याने ती ओळ परत वाचली.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला, आणि सही केली.